खंजिरी ते सामुदायिक प्रार्थना : तुकडोजी महाराजांच्या भजनसाधनेचा प्रकरण अभ्यास

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांबद्दल लिहिताना ग्रामगीता येते, ग्रामसफाई येते, बेचाळीसचं आंदोलन येतं. खंजिरी मात्र बहुतेक फोटोपुरतीच उरते. वाद्य, गळा, लय, साथ या अंगाने त्यांच्या भजनाकडे फारसं पाहिलं जात नाही. इथे तेवढंच पाहायचं आहे. एका साधकाने आयुष्यभर एकच साधं वाद्य हातात ठेवलं, गाण्याचं ओझं हळूहळू स्वतःच्या गळ्यावरून गावाच्या गळ्यावर नेलं. ते कसं जमलं, आणि त्यांच्या पश्चात त्यातलं काय टिकलं?

मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. जन्म 30 एप्रिल 1909, अमरावती जिल्ह्यातलं यावली. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. ‘तुकड्या’ हे नाव त्यांचंच देणं. आडकोजी महाराजांनी 1921 मध्ये देह ठेवला तेव्हा माणिक बारा वर्षांचा होता. पुढची वर्षं सालबर्डी, रामटेक, रामदिघी, गोंदोडा अशा रानावनांत गेली. 1935 मध्ये सालबर्डीचा मोठा यज्ञ झाला आणि त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. 1936 मध्ये गांधीजींकडे सेवाग्रामला महिनाभर मुक्काम. 1942 मध्ये नागपूर आणि रायपूरचा तुरुंग. कुठल्या घराण्याची तालीम या चरित्रात नाही. भजनी मेळ्यात कान तयार झाला आणि रानात गळा.

हेच वाद्य का

वारकरी कीर्तनाला वीणा लागते, पखवाज लागतो, मागे टाळकऱ्यांची रांग लागते. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग-उत्तररंगाची (आधी निरूपण, मग आख्यान) बांधणी आणि पेटी-तबल्याची साथ हवी. फिरत्या साधूला यातलं काहीच बाळगणं परवडत नाही. खंजिरीचं वजन अर्ध्या किलोच्या आत-बाहेर. झोळीत मावते, उभ्याने वाजते, चालता चालता वाजते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाणारा आणि ठेका धरणारा माणूस एकच असतो. साथीदार आला नाही म्हणून भजन अडत नाही. दिवसाला एक गाव गाठणाऱ्याच्या दृष्टीने हा मुद्दा इतर कुठल्याही सांगीतिक गुणापेक्षा मोठा आहे.

विदर्भातली भजनाची खंजिरी साधारण आठ ते दहा इंच व्यासाची. लाकडी कडी दोन-अडीच इंच रुंद, तिच्यात चार-पाच खाचा, प्रत्येक खाचेत खिळ्यावर सैल बसवलेली झांजांची जोडी. एका तोंडावर बकऱ्याचं पातळ कातडं. दक्षिणेतल्या लहान खंजिरीला घोरपडीचं कातडं लावायची रीत होती, पण घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, त्यामुळे तो विषयच संपला. हल्ली आपल्याकडेही बऱ्याच खंजिऱ्यांवर फायबरचा पडदा असतो. तो दमटपणाला दाद देत नाही. आवाज मात्र कोरडा, आणि मधल्या थापेला घुमारा नाही.

कातडं चढवताना ते रात्रभर भिजवतात, सगळीकडून सारखा ताण देऊन कडीवर सरसाने चिकटवतात आणि सावलीत दोन-तीन दिवस वाळू देतात. उन्हात वाळवण्याची घाई केली की एक बाजू आधी आकसते. मग कडीच्या या टोकाला एक स्वर, त्या टोकाला दुसरा; अशी खंजिरी नंतर कितीही शेकली तरी एकसारखी बोलत नाही.

शेकण्याचंही तंत्र आहे. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपासच्या दवात कातडं ढिलं पडतं, ‘टण’च्या जागी ‘ढप’ येतं. निखाऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून खंजिरी फिरवत राहायची, मिनिटा-दीड मिनिटाने बोटाने वाजवून पाहायचं, आवाज उघडला की लगेच बाजूला घ्यायची. जवळ धरली तर आधी सरस सुटतो, मग कडेला चीर जाते. विदर्भाच्या मे महिन्यात उलटी अडचण येते. कातडं इतकं ताणतं की नुसता चिरका आवाज निघतो. तेव्हा आतल्या बाजूने ओलं बोट फिरवून पाच मिनिटं थांबावं लागतं. पाणी जास्त झालं तर पुढचा अर्धा तास वाद्य मुकं. म्हणून रात्रभराच्या भजनाला दोन खंजिऱ्या ठेवतात, एक हातात आणि एक शेकोटीजवळच्या माणसाकडे.

हात आणि गळा

खंजिरी डाव्या हाताने कडीला धरून खांद्याच्या उंचीवर ठेवतात आणि उजव्याने वाजवतात. भजनात बहुतेक वेळा केरवा चालतो, आठ मात्रांचा: धा गे न ति, न क धि न. पहिल्या मात्रेला मध्यावर पूर्ण तळवा, तिसऱ्या-चौथ्याला कडेवर बोटं, पाचवीला डाव्या मनगटाचा हलका झटका देऊन नुसत्या झांजा, सातवीला पुन्हा मध्यावर हलकी थाप. संथ, करुण भजनाला सहा मात्रांचा दादरा. एवढ्यावर जन्मभराचं भजन उभं राहतं.

अवघड आहे ते वाजवणं आणि गाणं एका वेळी करणं. शिकणाऱ्याच्या दोन चुका ठरलेल्या. श्वास संपला की हातही थांबतो, कारण हात अजून गळ्याला बांधलेला असतो. दुसरी चूक जास्त फसवी: भावनेची ओळ आली की हात धावतो. गाणाऱ्याला वाटतं रंग चढतोय. खरं तर लय सुटलेली असते. मिनिटाला ऐंशी ठोक्यांवर सुरू झालेलं भजन तीन कडव्यांत एकशे तीस-चाळीसवर जातं. तिथे झांजांचा आधीचा निनाद विरायच्या आत पुढचा ठोका पडतो, सगळं मिळून एकच खळखळाट होतो आणि त्याखाली शब्द बुडतात. यावर उपाय जुनाच आहे. आधी महिनाभर नुसता ठेका धरून बोलायचं, कुणाशीही, कशाहीबद्दल. बोलणं अडखळलं तरी हात अडखळता कामा नये. मग गाणं.

लाउडस्पीकर नसलेल्या काळात उघड्या मैदानावर हे चालायचं. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. झांजांचा आवाज माणसांच्या कुजबुजीच्या वरच्या पट्टीत असल्यामुळे तो गर्दीतून आरपार जातो. मागच्या माणसाला शब्द पुसट ऐकू आले तरी ठेका पोचतो, आणि ठेका पोचला की तो ध्रुवपद पकडतो. पखवाजाची खर्जातली थाप घुमते सुंदर, पण गलबल्यात अशी उठून दिसत नाही.

आता गळ्याचा हिशोब. अशा भजनात ध्रुवपद, मग तीन ते पाच कडवी आणि शेवटच्या कडव्यात नाममुद्रा, इथे ‘तुकड्यादास’ किंवा ‘तुकड्या’. पुढचा गाणारा एकदा ओळ टाकतो, मागचे झील धरून, म्हणजे साथीने ओळ उचलून, ती एकदा किंवा दोनदा घेतात. म्हणजे तीन तासांच्या बैठकीत पुढच्याचा गळा प्रत्यक्षात तास-दीड तासच चालतो. झील ढिली असली की हे गणित कोसळतं. पुढचाच ध्रुवपदही ओढत बसतो आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला असतो. दोन भजनांच्या मधे बोलणं असतं. गंमत अशी की गळ्याला गाण्यापेक्षा तेच जड जातं. मैदानावर ओरडून बोलताना माणूस एकाच स्वरावर जोर देत राहतो, श्वास छातीत वरवर घेतो. म्हणून जाणते भजनकरी बोलणं थोडक्यात उरकतात आणि लांबवायचंच झालं तर ते चालीत म्हणतात.

पट्टीचा प्रश्न याहून नाजूक. एकट्या गाणाऱ्याला उंच पट्टी सोयीची, आवाज लांब जातो. पण काळी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला षड्ज (सा) मानून धरलेलं ध्रुवपद साठीतला टाळकरी किती वेळ उचलणार? तो आधी किंचाळतो, मग खालच्या सप्तकात उतरतो, मग गप्प बसतो. बायका-पुरुष एकत्र गाणार असतील तर आणखी गुंता, कारण दोघांच्या सोयीच्या पट्ट्यांत चार-पाच स्वरांचं अंतर असतं. मधला मार्ग म्हणजे पांढरी चारच्या आसपासची पट्टी आणि धैवताच्या (ध) वर फार वेळ न रेंगाळणारी चाल. सहा-सात स्वरांत मावणारी चाल संगीताच्या जाणकाराला गरीब वाटेल. समुदायासाठी तीच श्रीमंत, कारण ती पहिल्याच आवर्तनात सगळ्यांच्या ओठांवर बसते.

म्हणूनच भजनाच्या वहीत प्रत्येक पदावर ‘चाल’ लिहिलेली असते. नवे शब्द, ओळखीची चाल. लोकांना शिकायचे ते फक्त शब्द. याची किंमतही आहे: चाल फार गाजलेली असली तर मूळ गाण्याचेच शब्द कानात वाजत राहतात आणि नवा आशय मागे पडतो. चाल थोडी जुनी, थोडी विसरलेली घ्यावी, हा अनुभवाचा नियम त्यातूनच आला.

भाषेचीही निवड परिस्थितीतून झालेली दिसते. महाराजांनी मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे लिहिलं. तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात दोन्ही भाषा रोजच्या कानावरच्या. बेचाळीसच्या सुमारास त्यांच्या भजनातून थेट लढ्याची हाक आली आणि सरकारने त्यांना उचललं. सभेला बंदी घालता येते. वही न उघडता हजार माणसांना पाठ झालेल्या ध्रुवपदाला बंदी कशी घालणार? 1955 मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेतही त्यांच्या हाती खंजिरीच होती. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हटलं तेही याच खंजिरी भजनाच्या संदर्भात सांगितलं जातं. झोपडीसमोरच्या अंगणात आणि राष्ट्रपती भवनात एकच वाद्य, एकच रचना. या प्रकरणात ही गोष्ट सगळ्यात विचार करायला लावणारी आहे. नाव मोठं झालं की साजही वाढत जातो, हे सगळीकडे दिसतं. इथे तो वाढला नाही.

प्रार्थनेकडे वळण

बदललं ते दुसरंच. आश्रम आणि श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा उभ्या राहिल्या तशी भजनाच्या बरोबरीने सामुदायिक प्रार्थना आली: पहाटे ध्यान, संध्याकाळी प्रार्थना. समोर मूर्ती नाही, फक्त अधिष्ठान, म्हणजे मांडलेलं आसन. सगळे रांगेत, सारख्या पातळीवर बसलेले. शेवटी राष्ट्रवंदना आणि जयघोष.

सांगीतिकदृष्ट्या हा मोठा फेरबदल आहे. खंजिरी भजनात गावाला एक समर्थ गळा लागतो. तो माणूस आजारी पडला, गाव सोडून गेला, की भजन बंद. प्रार्थनेत पुढचा नाही, झील नाही, सवाल-जबाब नाही. रोज तीच पदं, त्याच क्रमाने, सगळ्यांनी मिळून. एकटा कुणी चांगला गातो की नाही याला महत्त्वच राहत नाही. स्वतः इतका प्रभावी गाणारा असलेल्या माणसाने आपल्या गळ्याची गरज न लागणारी रचना स्वतःच करून ठेवावी, याला साधना म्हणायला हरकत नाही.

पण एकत्र गाण्याच्या स्वतःच्या अडचणी असतात. पेटी नसेल तर पट्टी घसरते. सुरुवात करणाऱ्याने उत्साहात उंच धरली की दुसऱ्या-तिसऱ्या पदापर्यंत सगळे मिळून एक-दोन स्वर खाली आलेले असतात, आणि खालच्या ओळी मग घशातच अडकतात. सुरुवातीचा षड्ज पेटीवर द्यावा, आणि प्रत्येक पदाआधी पुन्हा द्यावा. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो.

मोठ्या मेळाव्यात लय मागे पडते. त्याला भाविकांचा आळस कारणीभूत नाही, हवा आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. शंभर मीटर लांबीच्या मैदानात शेवटच्या रांगेला पुढचा आवाज जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला ऐंशी ठोक्यांच्या लयीत एक मात्रा 0.75 सेकंदाची, म्हणजे मागची रांग जवळपास अर्धी मात्रा उशिरा गाते. तिचा आवाज पुढे येईपर्यंत आणखी तेवढाच उशीर. पुढचे तो ऐकून थांबू लागतात आणि सगळं रटाळ होतं. पुढच्या स्पीकरचा आवाज वाढवला तर काहीच सुधारत नाही. उलट दोन वेगवेगळे ठोके जास्त ठळक ऐकू येतात. उपयोगी पडतात त्या गोष्टी वेगळ्या: मूळ लयच संथ ठेवायची, ओळीच्या शेवटचा स्वर लांबवायचा, आणि पुढची ओळ सुरू करण्याआधी एक पूर्ण श्वास थांबायचं. त्या थांब्यात मागची रांग पुढच्या रांगेला येऊन मिळते. टाळ्या मात्र अजिबात नकोत. टाळीचा ठोका इतका स्पष्ट असतो की मागेपुढे झालेला लगेच कानाला टोचतो.

ग्रामगीतेचं पारायण हा याच वाटेवरचा पुढचा भाग. 41 अध्याय, 4675 ओव्या. मिनिटाला साडेसहा ओव्यांच्या सावकाश चालीने पूर्ण ग्रंथाला बारा तास लागतात. सप्ताहात वाटला तर रोज पावणेदोन तास. एकट्या वाचकाला ते झेपत नाही. दर वीस मिनिटांनी वाचक बदलला तर पाच-सहा जण पुरतात. बदलताना पट्टी बदलली तरी चालेल, चाल बदलू नये. ऐकणाऱ्यांचं लक्ष तिथेच तुटतं.

1968 नंतर

शेवटच्या काळात महाराजांना कर्करोगाने गाठलं आणि 11 ऑक्टोबर 1968 रोजी त्यांनी देह ठेवला. पुण्यतिथीला गुरुकुंजात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. लाखोंच्या गर्दीत तेव्हा एकही खंजिरी वाजत नाही.

मागे राहिलेल्या दोन धाग्यांचं पुढे वेगवेगळं झालं. खंजिरी भजन स्पर्धेच्या मंचावर गेलं. तिथे वाद्याला नवे हात मिळाले, पोरंपोरी शिकली, महिलांची मंडळं उभी राहिली. हे नुकसान नव्हे. पण स्पर्धेला वेळेची मर्यादा असते, आणि आठ-दहा मिनिटांत परीक्षकाच्या डोळ्यात भरायचं तर वेग वाढवणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. एकाच्या जागी चार-पाच खंजिऱ्या एकदम, उड्या, गिरक्या, मागे कीबोर्ड. पाच जणांच्या झांजा वेगात एकत्र वाजल्या की शब्द कळणं अशक्यच, मग गाणारा किती का सुरेल असेना. मूळ भजनात शब्द हेच काम होतं; ठेका त्याला वाहून नेत होता. गुणपत्रिकेत शब्दोच्चाराला वेगळे आणि भरपूर गुण ठेवले तर मंडळं आपोआप सावरतील, वेगळ्या उपदेशाची गरज नाही.

माइकनेही घोटाळा केला. गाणाऱ्याने खंजिरी तोंडासमोर धरली की झांजांचा आवाज थेट माइकमध्ये घुसतो आणि स्पीकर करकरतो. आवाजवाला मग सगळाच आवाज कमी करतो, त्यात गळाही जातो. खंजिरी डाव्या खांद्याच्या बाहेर धरावी, कातड्याची बाजू माइकपासून फिरवून. माइक तोंडापासून चार बोटांवर, थोडा उजवीकडे. खंजिरीला वेगळा माइक देऊच नये, तिला तो लागत नाही.

प्रार्थना जास्त टिकली, कारण तिला कौशल्याची अट नाही. तिचा शत्रू वेगळा निघाला: रेकॉर्ड. गावात संध्याकाळी भोंग्यावर प्रार्थना लागते, सुरात, लयीत, बिनचूक, आणि समोर चार-दोन म्हातारी माणसं ओठ हलवत बसलेली असतात. कधीमधी तीही नसतात. बेसूर पंधरा गळे या नीटनेटक्या रेकॉर्डपेक्षा जास्त कामाचे. रेकॉर्ड वापरायचीच तर नवख्यांना शिकवण्यापुरती, आठवडाभर. त्यानंतर ती बंद करून पेटीवर षड्ज द्यायचा.

पुढचा गाणारा तयार नसणं हे मंडळं बंद पडण्याचं आणखी एक साधं कारण. एकच बुवा वीस-पंचवीस वर्षं पुढे बसतात, चाली त्यांच्या डोक्यात, वहीत फक्त शब्द. ते गेले की वही उरते आणि चाल जाते. पदाशेजारी चालीचं नाव, पट्टी आणि ताल अशा तीन गोष्टी लिहिलेल्या असल्या, आणि आठवड्यातून एक दिवस दुसऱ्याने पुढे बसायचं ठरलेलं असलं, की हा प्रश्न उद्भवत नाही. त्या दिवशी बुवांनी झील धरायची, चूक काढायची ती भजन संपल्यावर.